उघड्या बॉनेटभोवती

रविवारी सकाळी साडेसातच्या सुमारास कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेत चार-पाच गाड्या येऊन उभ्या राहतात. निरोप कुणी कुणाला धाडत नाही. थर्मासमधला चहा होतो, मग एखाद्या गाडीचं बॉनेट उघडतं आणि सगळे त्याभोवती गोळा होतात. एक आहेत बँकेतून निवृत्त झालेले काका, त्यांची पांढरी प्रीमियर पद्मिनी. एक बालरोगतज्ज्ञ डॉक्टर, त्यांची डिझेल एसयूव्ही. चिंचवडच्या कारखान्यात नोकरी करणारी एक तरुण इंजिनिअर, वडिलांची मारुती 800 आणि स्वतःची नवी हॅचबॅक अशा दोन गाड्या सांभाळणारी. मी आहे. आणि मेस्त्री आहेत. त्यांनी सत्तरी ओलांडली आहे, गॅरेज मुलाच्या हातात दिलं आहे, पण रविवार ते चुकवत नाहीत. आम्ही त्यांना नुसतं मेस्त्री म्हणतो, ती मुलगी मेस्त्रीकाका म्हणते.

गेली बारा-तेरा वर्षं या गप्पा मी ऐकतो आहे. गाडीबद्दल मला आज जे काही कळतं, त्यातलं बहुतेक इथे उभं राहून कळलं. त्यातलं थोडं वाचकांपर्यंत पोचवावं, एवढ्यासाठी हा लेख.

कुणी म्हणालं, "मेस्त्री, गाडीतून आवाज येतोय," तर मेस्त्री लगेच वाकून बघत नाहीत. आधी विचारतात, "कधी येतो?" सकाळी पहिल्यांदा सुरू केल्यावर येतो आणि गरम झाल्यावर जातो का? वळताना येतो का? ब्रेक मारल्यावर? खड्ड्यात? आणि मग सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न : "इंजिनासोबत वाढतो, का चाकासोबत?" उभ्या गाडीत एक्सलरेटर दाबल्यावर आवाज वाढला तर दुखणं इंजिनाच्या बाजूचं. उभ्या गाडीत काहीच नाही आणि वेग घेतल्यावरच घुमायला लागला तर चाकं, बेअरिंग, टायर यांच्याकडे वळायचं. एवढ्या एका प्रश्नाने निम्मी गाडी बाजूला होते.

बाकीचं सवयीने कळायला लागतं. इंजिनाच्या लयीत बारीक टिकटिक चालू असेल तर टॅपेट वाजतंय. सकाळी सुरू करताना किंचाळल्यासारखा आवाज आला आणि थोड्या वेळात थांबला तर पट्टा सैल झालाय किंवा कडक पडलाय. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी पुढे घेताना कट-कट झालं तर पुढच्या चाकाच्या अ‍ॅक्सलवरचं रबरी बूट फाटलं असणार, आतलं ग्रीस उडून गेलं असणार आणि सांध्यात धूळ शिरली असणार. ते बूट वेळेत बदललं तर खर्च किरकोळ, सांधा गेला की त्याच्या कितीतरी पट. ब्रेक मारताना लोखंडावर लोखंड घासल्यासारखं वाटलं तर पुढची कुठलीही चर्चा न करता गाडी गॅरेजला न्यायची, कारण पॅडचं अस्तर संपलेलं आहे आणि आता डिस्क खाल्ली जाते आहे. वेगाबरोबर वाढत जाणारी घरघर एका बाजूला वळताना बदलली, तर व्हील बेअरिंग.

डॅशबोर्डवरचा लाल दिवा या सगळ्यानंतर लागतो, आणि कित्येकदा लागतच नाही. फाटलेल्या बुटासाठी कुठल्याही गाडीत दिवा नाही.

काकांची पद्मिनी आली की गप्पा तिच्यापाशी रेंगाळतात. त्याला कारण आहे. ही गाडी म्हटली तर आपल्या घरची. सोलापूरला जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि मुंबईत कुर्ल्याला कारखाना उभा केला. इटलीच्या फियाटचं 1100 हे मॉडेल तिथे बनायला लागलं, आणि 1970 च्या दशकात त्याच गाडीचं नाव पद्मिनी झालं. 1089 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, पुढे सलग सोफ्यासारखी सीट. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच गाडी. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ऑक्टोबर 2003 मधली. टॅक्सीला 20 वर्षांची मर्यादा असल्याने ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस ती रस्त्यावरून उतरली. त्याआधीच्या काही वर्षांत एकेक टॅक्सी भंगारात निघत होती, तेव्हा काकांनी कुर्ल्याच्या भंगारबाजारात दोन-तीन फेऱ्या मारून डायनॅमो, दोन दिवे आणि एक जादा कार्ब्युरेटर आणून ठेवला. त्यावरच आज गाडी चालते आहे.

पद्मिनीचं बॉनेट उघडलं की इंजिनाच्या दोन्ही बाजूंनी हात खाली जातो. प्रत्येक गोष्ट दिसते, हाताला लागते. म्हणून शिकायला तिच्याइतकी चांगली गाडी नाही, असं माझं ठाम मत आहे. गेल्या पावसाळ्यात ती मिसिंग मारायला लागली होती, म्हणजे मधूनच एखाद्या सिलिंडरची ठिणगी चुकत होती आणि पिकअप गेला होता. मेस्त्रींनी डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडलं आणि त्या मुलीला जवळ बोलावलं. आत दोन छोटे पॉइंट असतात. मधला कॅम फिरताना ते उघडतात आणि मिटतात. ज्या क्षणी उघडतात त्या क्षणी कॉइलमधून प्लगला ठिणगी जाते. कॅमवर टेकणारी टाच झिजत जाते, तसं त्यांच्यातलं अंतर कमी होतं आणि ठिणगी उशिरा पडायला लागते. पॉइंटवर काळपट खडबडीत डाग पडतात ते वेगळेच.

मेस्त्रींनी बारीक पॉलिश पेपरने पॉइंट घासले, कापडाने पुसले. इंजिन हाताने फिरवत पॉइंट पुरते उघडतील अशा जागी आणून थांबवलं. मग फीलर गेजची पानं उलगडली. "अर्ध्या मिलिमीटरला थोडं कमी," ते म्हणाले आणि एक पान तिच्या हातात दिलं. पान पॉइंटच्या मधून सरकलं पाहिजे, पण जाताना बोटांना किंचित अडलं पाहिजे. ती तीन वेळा चुकली. दोनदा ढिलं झालं, एकदा पान आत जाईना. प्रत्येक वेळी स्क्रू सैल करून पुन्हा. चौथ्यांदा तिने पान ओढलं आणि काही न बोलता मेस्त्रींकडे बघितलं. त्यांनी ते पान स्वतः एकदा सरकवून पाहिलं, म्हणाले, "आवळ आता. आवळताना हलू देऊ नको, पोरी." झाकण बसलं, काकांनी चोक ओढून स्टार्टर मारला, आणि गाडी घड्याळासारखी चालायला लागली.

हे अडणं कुठल्या पुस्तकात लिहून सांगता येत नाही. शेजारी उभं राहून कुणीतरी "हे एवढं" असं म्हणावं लागतं.

ब्रेकचंही तसंच. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषतं, हे फार थोड्या गाडीवाल्यांना माहीत असतं. डॉट 3 जातीचं ताजं ऑइल 205 अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये असं मानक आहे. तेच पाणी शोषलेल्या अवस्थेत मर्यादा 140 अंशांवर येते. बोरघाट उतरताना सतत ब्रेकवर पाय असेल तर चाकापाशी एवढी उष्णता सहज तयार होते. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, पण वाफ दाबली जाते. पेडल स्पंजासारखं आत जातं आणि गाडी थांबत नाही. म्हणून दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलायचं, मग गाडी किती का कमी चालली असेना. आणि घाट ज्या गिअरमध्ये चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरायचा. न्यूट्रलमध्ये गाडी सोडून पेट्रोल वाचवण्याची सवय जुन्या लोकांत अजून आहे. नव्या इंजेक्शनच्या गाड्यांत तर त्याने वाचतही काही नाही, कारण गिअरमध्ये उतरताना पाय एक्सलरेटरवरून काढला की इंजिनाला जाणारं पेट्रोल आपोआप बंद होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते लागतंच.

ब्रेक ऑइल बदलून ओळीतली हवा काढणं हे दोघांचं काम. एक जण आत बसतो, दुसरा चाकापाशी. चाकाच्या मागच्या निपलला पारदर्शक नळी लावायची, तिचं दुसरं टोक थोडं ऑइल घातलेल्या बाटलीत बुडवायचं. खालचा ओरडतो, "दाब!" आतला पेडल दाबून धरतो. निपल अर्धा आटा सैल होतो, नळीतून तपकिरी ऑइल आणि बुडबुडे सुटतात, पेडल खाली जातं. "धर!" निपल आवळला जातो. "सोड!" धर म्हटलेलं असताना पाय सोडला तर हवा पुन्हा आत जाते आणि सगळं पहिल्यापासून. डॉक्टर हे काम फार मन लावून करतात. बुडबुडे थांबेपर्यंत आणि ऑइल स्वच्छ येईपर्यंत चारही चाकांना हे करायचं, वरच्या डबीतलं ऑइल मधूनमधून भरत राहायचं. अर्धा-पाऊण तास लागतो. ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर रंग निघतो, म्हणून शेजारी पाण्याची बादली ठेवलेली बरी.

एकदा मात्र जुन्या आणि नव्या विद्येची गाठ पडली, ती सांगायलाच हवी. त्या मुलीच्या नव्या हॅचबॅकमध्ये इंजिनाचा पिवळा दिवा लागला होता. हल्लीच्या गाड्यांत स्टिअरिंगखाली एक खाचा असतो, त्यात छोटा स्कॅनर खोचला की मोबाइलवर दोषाचा कोड येतो. तिच्याकडे स्कॅनर होताच. कोड आला पी 0171, म्हणजे मिश्रण पातळ आहे, हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं आहे. ज्या गॅरेजमध्ये तिने आधी दाखवलं होतं तिथे कोड बघून ऑक्सिजन सेन्सर बदलायला सांगितलं होतं. मेस्त्री कोड वाचू शकत नाहीत. पण तिने अर्थ सांगितल्यावर ते म्हणाले, "पेट्रोल कमी पडतंय का हवा जास्त जातेय, हे त्याने कुठे सांगितलं?" इंजिन चालू ठेवून त्यांनी कान लावला. मग बाटलीने रबरी नळ्यांच्या सांध्यांवर थोडं थोडं पाणी मारत गेले. एका नळीच्या वाकणाशी पाणी पडलं तसा बारीक फुसफुस आवाज थांबला आणि इंजिनाची चाल क्षणभर बदलली. नळीला नखाएवढी चीर होती. सेन्सर बरोबरच सांगत होता, खोटी हवा तिथून आत जात होती.

कोड म्हणजे तक्रार. कारण शोधायला माणूस लागतो. त्या दिवसापासून मेस्त्री तिला "आधी तुझं मशीन लाव" म्हणतात आणि ती त्यांना "आता तुम्ही ऐका" म्हणते. अशी जोडी प्रत्येक गॅरेजात असायला हवी.

माझ्या स्वतःच्या निष्काळजीपणाची गोष्ट याच विषयात येते. मे महिना, दुपारची वेळ, साताऱ्याला निघालो होतो. खंबाटकी घाट चढताना तापमानाचा काटा वर सरकला. मी एसी बंद केला आणि वरपर्यंत जाऊ म्हणून गाडी तशीच रेटली. माथ्यावर पोचेपर्यंत बॉनेटमधून वाफ निघत होती. घाईत टॉवेल धरून रेडिएटरचं झाकण फिरवलं आणि उकळतं पाणी उसळून मनगटावर आलं. तो डाग अजून आहे. रेडिएटरमधलं पाणी दाबाखाली असतं, म्हणून ते 100 अंशांच्या वरही उकळत नाही. झाकण सैल झालं की दाब जातो आणि सगळं एकदम उकळून बाहेर येतं. इंजिन बंद करून निदान अर्धा तास थांबायला हवं होतं. हेड गॅस्केट गेलं, हेड वाकलं, महिनाभर गाडी गॅरेजात.

मेस्त्रींना सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "आधी खाली डाग पडत होता?" पडत होता. आठवडाभर पार्किंगच्या फरशीवर हिरवट डाग दिसत होता आणि एसीचं पाणी म्हणून मी दुर्लक्ष केलं होतं. एसीचं पाणी नितळ असतं, त्याला रंग नाही, वास नाही. कूलंट हिरवं, गुलाबी किंवा निळं असतं, बोटांना बुळबुळीत लागतं आणि वास गोडसर असतो. त्या गोडीमुळेच कुत्री-मांजरं ते चाटतात आणि दगावतात, म्हणून सांडलेलं कूलंट धुऊन टाकायचं. इंजिन ऑइलचा डाग काळपट तपकिरी. चाकाच्या आतल्या बाजूला पातळ तेलकट ओल दिसली तर ते बहुधा ब्रेक ऑइल, आणि मग गाडी हलवायचीच नाही. शंका असेल तर रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवायचा. सकाळी पुठ्ठाच सांगतो कुठून, कुठल्या रंगाचं, किती.

रेडिएटरमध्ये नळाचं पाणी ओतत राहण्याची सवयही तेव्हापासून सोडली. बोअरच्या पाण्यातले क्षार आतल्या बारीक नळ्यांत बसतात, लोखंड गंजतं. उन्हाळ्याचं कारण सांगून थर्मोस्टॅट काढून टाकणारे मेकॅनिक अजून भेटतात. काढू देऊ नका. थंड इंजिन जास्त पेट्रोल खातं आणि लवकर झिजतं.

तेलाबद्दलचे गैरसमज तर कितीतरी. "जाड तेल घाला, इंजिन टिकतं," हे आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं. जुन्या पद्मिनीला 20 डब्ल्यू 40 सारखं तेल योग्य, कारण तिच्या फटी त्या मापाच्या. आजच्या इंजिनांत फटी इतक्या बारीक असतात की कंपन्या त्यांना कितीतरी पातळ तेलं सांगतात. तिथे जाड तेल घातलं तर सकाळच्या थंड इंजिनात ते वरपर्यंत पोचायला उशीर लागतो, आणि झीज बरीचशी त्या पहिल्या काही क्षणांतच होते. आकड्यामधला डब्ल्यू म्हणजे हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा थंड तेलाचा पातळपणा सांगतो. आणि तेल काळं पडलं म्हणजे खराब झालं असंही नाही. आतली काजळी धुऊन स्वतःत घेणं हे त्याचं कामच आहे, डिझेल गाडीत ते थोड्याच दिवसांत काळं होतं. घाबरायचं ते डिपस्टिकवर दुधाळ कॉफीच्या रंगाचा फेस दिसला तर, कारण मग तेलात पाणी शिरलंय.

सायलेन्सरचा धूरही वाचता येतो. निळसर धूर म्हणजे तेल जळतंय, काळा म्हणजे इंधन जास्त जातंय, आणि इंजिन गरम झाल्यावरही दाट पांढरा येत राहिला तर कूलंट आत जातंय. थंडीतल्या सकाळी थोडी वाफ सगळ्याच गाड्या सोडतात, ती वेगळी.

डॉक्टरांच्या एसयूव्हीचं दुखणं नव्या काळातलं. घर ते दवाखाना तीन किलोमीटर, दिवसातून दोनदा. 1 एप्रिल 2020 पासून आलेल्या बीएस 6 डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो. इंजिन पुरेसं तापून सलग चाललं की साठलेली काजळी आपोआप जळते. तीन किलोमीटरमध्ये ते तापतच नाही. फिल्टर चोंदला, दिवा लागला, गाडी वेग घेईना. मेस्त्रींच्या मुलाने सांगितलं, आठवड्यातून एकदा महामार्गावर वीस-पंचवीस मिनिटं सलग चालवा. आता डॉक्टर रविवारी इथून थेट महामार्गाने तळेगावपर्यंत जाऊन येतात. मला विचाराल तर शहरात रोज चार किलोमीटर जाणाऱ्या माणसाने डिझेल गाडी घेऊच नये.

टायरवर आम्ही सगळ्यात जास्त भांडतो. उन्हाळ्यात टायर फुटतो म्हणून हवा कमी ठेवावी, ही समजूत पुसून टाकायला हवी. कमी हवेचा टायर रस्त्यावर जास्त चेपतो, त्याच्या बाजू सतत वाकत राहतात आणि त्या वाकण्यानेच तो तापतो. नागपूरपासून मुंबईजवळच्या आमण्यापर्यंत 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून 2025 मध्ये पूर्ण खुला झाला. काँक्रीटचा सरळ रस्ता, ताशी 120 ची मर्यादा, विदर्भातलं ऊन. तिथे तासन् तास एका वेगाने जाणारी गाडी टायरची खरी परीक्षा घेते. हवा दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणामागे लिहिलेल्या आकड्याप्रमाणे, आणि टायर गार असताना भरायची. चार माणसं आणि सामान असेल तर तिथेच जास्त वजनासाठी वेगळा आकडा दिलेला असतो. नायट्रोजनवर पैसे घालवावेत की नाही? साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजन असतोच.

नक्षी शाबूत असली तरी टायर म्हातारा होतो. बाजूवर डॉट अक्षरांनंतर शेवटी चार आकडे असतात. 2319 असेल तर 2019 सालचा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांपुढच्या टायरची दरवर्षी तपासणी करावी, दहा वर्षांपुढचा ठेवूच नये. काकांची पद्मिनी वर्षाला फार तर हजार किलोमीटर चालते. तिच्या टायरची नक्षी नव्यासारखी होती, पण बाजूंना बारीक भेगा. आम्ही सगळ्यांनी मिळून तिचे टायर बदलायला लावले.

पावसाचा विषय निघाला की 26 जुलै 2005 निघतोच. त्या दिवशी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. बंद गाड्यांत अडकून माणसं गेली. पाण्यात दाराचं लॉक आणि काच अडकली तर बाजूच्या काचेच्या कोपऱ्यावर टोकदार हातोडी मारायची. ती काच कडक केलेली असते, तिचा चुरा होतो. पुढची काच दोन थरांची असते, ती फुटून बाजूला होत नाही. त्या मुलीने आम्हा सगळ्यांना एकेक छोटी हातोडी आणून दिली आहे, ती सीटजवळ हाताला लागेल अशी ठेवायची.

आणि गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा सुरू करायची नाही. हे किती वेळा सांगितलं तरी कमी आहे. पिस्टन हवा दाबू शकतो, पाणी दाबू शकत नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो, कधी ब्लॉक फुटतो. नुसती बुडालेली गाडी वाचते. पाणी काढून, तेल बदलून, प्लग काढून कोरडी करून ती पुन्हा चालते. सुरू करायचा प्रयत्न केलेल्या गाडीचं इंजिन जातं, आणि साध्या विम्यात ते नुकसान बहुधा धरत नाहीत. बॅटरीचा निगेटिव्ह काढा, फोटो काढून ठेवा, टोइंगला फोन करा.

सध्या सगळ्यात गरम चर्चा पेट्रोलची. आता पंपावर 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. आपल्या उसाच्या महाराष्ट्राचा यात मोठा वाटा, त्यामुळे मतं दोन्ही बाजूंची. मी वस्तुस्थिती सांगतो. इथेनॉलमध्ये तेवढ्याच पेट्रोलच्या मानाने साधारण एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, त्यामुळे अ‍ॅव्हरेज थोडं कमी होणारच. ते पाणी शोषतं, म्हणून महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी अर्धी ठेवू नये. आणि जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या, पंपातला पडदा, कार्ब्युरेटरचे वॉशर या इंधनासाठी बनलेले नाहीत. ते फुगतात, मऊ पडतात. काकांनी पद्मिनीच्या पेट्रोलच्या सगळ्या नळ्या आणि पंपाचं किट बदलून घेतलं. तीन महिन्यांत टाकीतला जुना गाळ सुटून फिल्टर दोनदा चोंदला. इंजिनाजवळच्या गरम जागेतून जाणारी पेट्रोलची नळी चिरणं हे आगीला आमंत्रण आहे. ज्यांच्याकडे पंधरा-वीस वर्षांपूर्वीची गाडी आहे त्यांनी हे काम पुढे ढकलू नये.

सुट्या भागांच्या बाबतीत आमच्याकडे एकमत आहे. नाना पेठेत हवं ते मिळतं, पण ब्रेक पॅड, टायमिंग बेल्ट आणि ऑइल फिल्टर या तीन गोष्टी स्वस्तात घ्यायच्या नाहीत. बाकी पाना-पक्कड, बल्ब, वायपर घासाघीस करून घ्या.

मारुती 800 बद्दल दोन शब्द. डिसेंबर 1983 मध्ये ती आली आणि 2014 च्या जानेवारीत बंद झाली. 796 सीसीचं तीन सिलिंडरचं ते इंजिन इतकं साधं की लाखो माणसांनी प्लग बदलणं तिच्यावर शिकलं. त्या मुलीचे वडील दर खंडेनवमीला गाडी धुऊन, झेंडू वाहून, मग एका वहीत वर्षभराची नोंद करायचे : तारीख, किलोमीटर, काय बदललं, किती पैसे. ते गेल्यावर वही तिच्याकडे आली. बत्तीस वर्षांच्या नोंदी. गेल्या वर्षी क्लच घसरायला लागला तेव्हा तिने वही उघडून पाहिली, मागची प्लेट किती किलोमीटरवर टाकली होती ते सापडलं, आणि मेस्त्रींनी बघायच्या आधीच तिला कारण माहीत होतं. मेस्त्रींनी ती वही हातात घेतली, बराच वेळ चाळली. एका पानावर त्यांचंच अक्षर होतं. 1998 साली त्यांनी त्या गाडीचे टॅपेट सेट केले होते आणि मापं लिहून दिली होती. त्यांना गाडी आठवत नव्हती, मापं मात्र तोंडपाठ होती.

तेव्हापासून आम्ही सगळे वही ठेवतो.

हा अंक हातात येईल तेव्हा तुमच्यापैकी बरेच जण गाडी घेऊन गावी निघण्याच्या तयारीत असतील. आदल्या दिवशी सकाळी, इंजिन गार असताना, बॉनेट उघडा. डिपस्टिक पुसून तेल बघा, कूलंटची पातळी बघा, ब्रेक ऑइलची डबी बघा, पट्टे आणि नळ्या बोटांनी चाचपून बघा. काल रात्री गाडी जिथे उभी होती तिथली फरशी बघा. चारही टायरमध्ये हवा भरून घ्या, आणि स्टेपनी बाहेर काढून तिच्यातही भरा.